फिलोमेनचा पहिला मुक्काम

"विचारलंस की नाही, एवढंच सांग!"

"विचारलं म्हणतोय ना! एकदा नाही, तीनदा विचारलं!"

"आणि?"

"आणि काय? नाही म्हणाला साहेब. बायका नकोत म्हणाला. निर्जन रान आहे म्हणाला, पुढे माणसाचं नावनिशाण नाही म्हणाला."

"नावनिशाण नाही?" फिलोमेनने हातातली कढई अशी आदळली की दारातल्या कोंबड्या पंख फडफडवत कुंपणापलीकडे गेल्या. "माझे मामा राहतात त्या रानात! सगळेच्या सगळे! ते काय झाडाला लोंबकळतात?"

"आता तुझ्या मामांचं मी साहेबाला काय सांगू?"

"सांगायचं, बाबा रे, तुझं रान असेल, माझ्या बायकोचं ते आजोळ आहे."

गास्पारने मान खाली घातली आणि छकड्याच्या चाकाला कातडी पट्टी आवळायला लागला. पट्टी आधीच आवळलेली होती. त्याने ती सोडली आणि पुन्हा आवळली.

"आणि गाय?" तो पट्टीलाच म्हणाला. "गाय कोण पिळणार?"

फिलोमेन ह्याचीच वाट पाहत होती. नवरा कोंडीत सापडला की गाय बाहेर काढतो, हे तिला लग्नाच्या पहिल्या उन्हाळ्यापासून ठाऊक होतं. गायी बदलल्या, प्रश्न तोच राहिला.

"लग्नात काय कबूल केलं होतंस?"

"ती आठवण तू मला दर वसंतात करून देतेस."

"आणि तू दर वसंतात विसरतोस."

"उद्या पहाटे निघायचंय, फिलोमेन. निदान आज तरी भांडू नको."

"आज नाही भांडायचं तर कधी? उद्या तू नसणार!"

भांडण तिथेच राहिलं, कारण चुलीवर कालवण उतू गेलं.

तांबड्या नदीच्या काठच्या त्या वस्तीत फिलोमेन लाफुर्नेझला ओळखत नाही असा माणूस नव्हता, आणि तिचा आवाज तर नदीपलीकडचेही ओळखत. ती जन्मली तीच मुळी शिकारीच्या तळावर, रानगव्यांच्या मागे निघालेल्या तांड्यात. आईने सकाळी तिला जन्म दिला आणि दुपारी तांडा हलला तेव्हा मायलेकी छकड्यात होत्या. बाप होडीवाला, फ्रेंच बोलणारा, गाणारा, पैसे उडवणारा. आई क्री जमातीची, पार पश्चिमेकडची, डोंगरांच्या पायथ्याची. बापाने तिला होडीत बसवून इतक्या लांब आणली की माहेरी जायचं तर एक अख्खा उन्हाळा जायला हवा. ती पुन्हा कधी गेलीच नाही. पण थंडीच्या दिवसांत मण्यांचं भरतकाम करता करता ती पोरीला डोंगर सांगायची.

"आधी ढग वाटतात," आई म्हणायची. "निळे, खाली टेकलेले. तू चालतेस, चालतेस, आणि मग तुझ्या लक्षात येतं, ढग हलत नाहीयेत."

एवढंच. पुढे काय होतं ते आई सांगत नसे, सुईत दोरा ओवायला घेई.

फिलोमेन मोठी झाली ती त्या न हलणाऱ्या ढगांच्या ओढीने. मांस वाळवणं, कुटणं, चरबीत घोळून पेमिकनचे गोळे भरणं, बैलाला शिव्या घालणं, सगळं ती शिकली. त्या बैलशिव्या इतक्या गोड सुरात असत की पाद्रीबाबांनाही एकदा वाटलं, बाई स्तोत्र म्हणते आहे. नाचायची तर अशी की जमिनीच्या फळ्यांवरून तिचे पाय उचललेले दिसायचेच नाहीत, नुसता ताल ऐकू यायचा. अशाच एका नाचात गास्पारने फिडल वाजवता वाजवता तिला विचारलं होतं, "माझ्याशी लग्न करशील?"

"डोंगर दाखवशील?" तिने नाच न थांबवता विचारलं.

"दाखवीन!"

आणि साऱ्या वऱ्हाडासमोर ते त्याने पुन्हा कबूल केलं. मग पहिलं बाळ झालं. मग दुसरं. मग पूर आला, मग सासू अंथरुणाला खिळली, मग पोरींची लग्नं, मग नातवंडं. गास्पार मात्र दर उन्हाळ्यात पश्चिमेला जात राहिला, कधी कातड्यांचा व्यापार करणाऱ्या कंपनीच्या मालाबरोबर, कधी एखाद्या इंग्रजाबरोबर. हे इंग्रज अलीकडे फार यायला लागले होते. त्यांच्याकडे म्हणे रान उरलं नव्हतं, म्हणून ते आपलं पाहायला येत. परतल्यावर गास्पार सगळा हिवाळा गोष्टी सांगायचा. पुराची नदी दातात चाकू धरून पोहला. बर्फाच्या कड्यावरून घोड्यासकट घसरला आणि खाली पोचेस्तोवर पाइप विझू दिला नाही. आणि ते अस्वल! घराएवढं अस्वल, गास्पारच्या हातात फक्त कालवणाचा डाव, आणि शेवटी अस्वल पळालं. त्या अस्वलासाठी पलीकडच्या गावची माणसं बर्फ तुडवत येत. फिलोमेन सगळ्यांना चहा करून द्यायची आणि कोपऱ्यात बसून मण्यांचं फूल विणायची. डोंगर तिला अजून कुणी दाखवले नव्हते.

ह्या वर्षी अडचण म्हणावी अशी एकही उरली नव्हती. धाकटीचंही लग्न झालं होतं, शेजारीच राहत होती. उरला होता तो फक्त साहेब.

हार्टलबरी त्याचं नाव. ताडासारखा उंच, नाक उन्हाने सोललेलं, बोलायला भलता सभ्य. सामानात बंदुका, दुर्बीण आणि अंघोळीसाठी पत्र्याची एक टबासारखी लांबोडकी न्हाणी, जिच्यात तो म्हणे रोज बसणार होता. वस्तीजवळच्या कंपनीच्या किल्ल्यापासून थोडं पुढे जाऊन त्याने मोदेस्तला विचारलं होतं, "म्हणजे इथून अज्ञात प्रदेश सुरू?"

"इथून तोमाचं कुरण सुरू," मोदेस्त म्हणाला होता. "पण तोमाही तसा कमीच माहितीय लोकांना."

मोदेस्त हा गास्पारचा जुना सोबती, दुसऱ्या छकड्यावरचा. फिलोमेनला वहिनी म्हणायचा आणि तिच्या हातच्या गॅलेटसाठी, त्या तव्यावरच्या जाड भाकरीसाठी, काहीही करायला तयार असायचा.

आता इथे पहिल्या मुक्कामाचं सांगायला हवं. तांबड्या नदीकाठचा तांडा लांबच्या वाटेला निघाला की पहिल्या दिवशी दूर जातच नाही. पहाटे मोठ्या थाटात निघायचं, बंदुकीचे बार उडवायचे, बायकापोरांनी रडून घ्यायचं, आणि दुपार कलते न कलते तोच स्टर्जन ओढ्यावर तळ टाकायचा. तिथून वस्तीतल्या चर्चचा कळस दिसतो. कारण माणूस विसरतोच. मीठ विसरतो, सुई विसरतो. तेव्हा पहिल्या मुक्कामावरून घरी जाऊन जे विसरलं ते आणायची सगळ्यांना मुभा. आणि आणलेल्या वस्तूला तांड्यात जागा द्यायचीच, त्यावर कुणी चकार शब्द काढायचा नाही. दुसऱ्या दिवसापासून मात्र राहिलं ते राहिलं.

गास्पार दर वर्षी काहीतरी विसरायचा. कधी पाइप, कधी धार लावायचा दगड. संध्याकाळी दारात उभा राहायचा, "विसरलो बघ." फिलोमेन म्हणायची, "वाटलंच मला." चुलीवर त्याच्या आवडीचं कालवण तयारच असायचं. एका वर्षी तो टोपी विसरलो म्हणून आला तेव्हा टोपी डोक्यावरच होती. फिलोमेनने ती काढून खुंटीला लावली, त्याला पोटभर वाढलं, आणि निघताना खुंटीवरून काढून हातात दिली. दोघांपैकी कुणीही हसलं नाही. साऱ्या वस्तीला हे माहीत होतं, आणि वस्तीतल्या तरण्या पोरी आपल्या नवऱ्यांना सांगायच्या, शिक जरा.

ह्या वर्षी फिलोमेनने ठरवलं, हा काहीही विसरणार नाही.

पहाटे अंगणात सगळी वस्ती जमली होती. साहेब घोड्यावर बसून घड्याळ पाहत होता. गास्पारने छकड्यावर शेवटची गाठ मारली आणि नेहमीसारखा सहज, शीळ घालत, घरात जाऊन उशीखाली पाइप ठेवून बाहेर आला.

"गास्पार! हा घे पाइप!"

"अरे हो! बरं झालं."

तो बैलाकडे वळला.

"हा दगड."

"आहे का तिथे? मला वाटलं..."

"लोकरी टोपी. दाभण. मीठ. आणि फिडलचा हा गज. दाराच्या मागे कुणी टांगला होता कोण जाणे."

लोक हसायला लागले. मोदेस्तने छकड्याआड तोंड लपवलं. गास्पार लालबुंद होऊन एकेक वस्तू घेत होता आणि वस्तूगणिक त्याचा चेहरा उतरत होता.

"सगळं झालं?" फिलोमेनने मोठ्याने विचारलं. "काही राहिलं नाही ना? नीट बघ हं, म्हाताऱ्या. मागाहून येशील."

"नाही," तो पडक्या आवाजात म्हणाला. "काही राहिलं नाही."

बार उडाले, छकडे हलले. त्या छकड्यांत लोखंडाचा खिळा नसतो, लाकडावर लाकूड घासतं आणि आसाला वंगण कुणी घालत नाही, कारण वंगणात धूळ बसते. सगळा तांडा हजार डुकरं कापावीत तसा किंचाळत पश्चिमेला निघाला. फिलोमेन कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. किंचाळणं बारीक बारीक होत गेलं, पण थांबेना. ते कानात राहिलं की माळावर, तिला कळेना.

मग दिवस फार मोठा झाला.

तिने गाय पिळली. कोंबड्यांना घातलं. जमीन झाडली, परत झाडली. दुपारनंतर ती चुलीशी गेली आणि कालवण टाकलं, पेमिकनचं, रानकांदा घालून, घट्ट. उकळी फुटल्यावर तिच्या लक्षात आलं, हे आपण कुणासाठी करतोय? त्याला यायला काही कारणच ठेवलेलं नाही. तिने डाव काढला आणि त्या डावाकडे बघत उभी राहिली. मोठी बहाद्दर! त्याचा एवढाच एक मार्ग होता घरी यायचा, तोही बंद करून बसली.

दारात सावली पडली. ती झटकन वळली. पण तो मोदेस्त होता.

"वहिनी, माझी तंबाखू घरी राहिली. जाता जाता वास आला म्हणून..."

"बस. खा. तो काय करतोय?"

मोदेस्तने भाकरी कालवणात बुडवली. "गास्पार? सामान काढतो, घालतो, पुन्हा काढतो. काहीतरी कमी पडेल ह्या आशेने बघतोय. काही कमी नाही. असं गच्च सामान मी कुणाचं पाहिलं नाही. सगळे एकेक करून घरी गेले नि आले, हा बसलाय न्हाणीवर."

"न्हाणीवर?"

"पालथी घातलीय ना साहेबाची. साहेब वेगळाच तडकलाय. म्हणतो, दिवसभर चाललो आणि अजून कळस दिसतोय? म्हटलं, साहेब, दिसतोय म्हणूनच थांबायचं. त्याला पटलं नाही. चहा प्यायला तर त्यात दूध नाही. तोंड बघायला हवं होतं तुम्ही. एरंडेल घेतल्यासारखं."

फिलोमेनने त्याच्या पानात आणखी वाढलं. "मोदेस्त, गास्पारने साहेबाला माझ्याबद्दल विचारलं तेव्हा तू होतास?"

"कशाबद्दल?"

"मला बरोबर न्यायचं."

मोदेस्तचा घास हातातच राहिला. "विचारलं? गास्पारने? छे! उलट साहेबच विचारत होता की पायताणं फाटली तर शिवणार कोण, बरोबर एखादी बाई नाही का येत. तर गास्पार म्हणाला, आमच्या बायका घर सोडत नाहीत."

फिलोमेनने हातातला डाव खाली ठेवला. मोदेस्तने हळूच पान बाजूला सरकवलं, पळायला दार किती लांब आहे ते पाहिलं. आणि फिलोमेन हसली. आधी नाकातून, मग पोटातून, मग चुलीचा कठडा धरून. डोळे पुसत ती म्हणाली, "आमच्या बायका घर सोडत नाहीत! अरे, मी जन्मले तेव्हा घर होतं कुठे?"

मग ती जी उठली, ती वाऱ्यासारखी. धाकट्या लेकीला कुंपणावरून हाक मारली, "उर्सुल! कोंबड्या तुझ्या! बागेला पाणी घाल!" उर्सुल पीठ लागलेले हात घेऊन धावत आली. "आई, कुठे निघालीस?" "तुझा बाप एक वस्तू विसरलाय, ती पोचवायला." लेकीने आईकडे पाहिलं, मागच्या छोट्या छकड्याकडे पाहिलं, त्यात चढणारं बिछान्याचं गाठोडं, कातडं, सुया, मणी पाहिले, आणि आईच्या गळ्यात पडून पिठाने पाठ पांढरी करून टाकली. "आई, ढग बघून ये," ती म्हणाली. ती गोष्ट ह्या घरात आईकडून लेकीकडे आलेलीच होती.

बैलाचं नाव नोटरी, कारण जागचा हलवायचा तर फार विनवण्या कराव्या लागत. त्या दिवशी तोही एका गोड शिवीत हलला. गाय छकड्याच्या मागे बांधली. कालवणाचं भांडं झाकून मोदेस्तच्या मांडीवर दिलं.

उन्हाळ्यात तिकडे सूर्य मावळायला तयार नसतो. ओढ्यावर पोचले तेव्हा गवतावर लांब पिवळं ऊन पसरलेलं होतं. छकड्याची किंकाळी तळावर केव्हाच पोचली होती, सगळे उठून उभे राहिले होते. गास्पार न्हाणीवरून उठला नाही. उठायचं त्याला सुचलंच नाही.

"अगं... तू?"

"विसरलास बघ," फिलोमेन म्हणाली.

"काय विसरलो? सगळं तर दिलंस."

"नीट बघ. एक राहिलंच."

आधी मोदेस्त हसला, मग त्याच्या पलीकडचा, मग सगळा तळ. कुणीतरी टोपी हवेत उडवली. साहेब तंबूतून बाहेर आला, एका हातात चहाचा पेला. त्याचं फ्रेंच अडखळत चालायचं.

"ही बाई... कोण? बाई इथे का?"

"माझी बायको, साहेब," गास्पार पुटपुटला.

"विसरलेलं सामान," मोदेस्तने सुधारलं. "पहिला मुक्काम आहे. जे आणलं त्याला जागा द्यावी लागते. रीत आहे आमची."

"रीत सामानाची! हे सामान नाही! पुढे नद्या आहेत, अस्वलं आहेत, रान आहे. बाईमाणसाचं ते काम नाही."

फिलोमेनने त्याच्याकडे शांतपणे पाहिलं, छकड्यामागे गेली, चरवी घेतली, गायीच्या कुशीला डोकं टेकलं. पहिली धार चरवीच्या बुडावर वाजली तसा साहेब बोलायचा थांबला. ती उठून आली आणि त्याच्या पेल्यात दुधाची धार सोडली. चहाचा रंग बदलला. साहेबाचाही.

त्याने एक घोट घेतला. डोळे मिटले. मग बरंच काही इंग्रजीत म्हणाला, ज्यातलं कुणाला काही कळलं नाही, पण सूर चांगला होता.

"पुढच्या किल्ल्यापर्यंत," तो शेवटी म्हणाला आणि एक बोट वर केलं. "फक्त पुढच्या किल्ल्यापर्यंत." आणि पेला पुढे केला.

सगळे कालवणाच्या भांड्याभोवती जमले तेव्हा फिलोमेन न्हाणीवर नवऱ्याच्या शेजारी जाऊन बसली. पत्रा कुरकुरला.

"तीनदा विचारलंस, नाही का?"

गास्पार गवताची काडी चावत राहिला.

"का रे? एवढी का मी जड झाले तुला?"

"तू नाही." त्याने काडी थुंकली. "तिथले लोक भेटतील तुला. तुझे मामा, त्यांची पोरं. तू विचारशील त्यांना."

"काय विचारीन?"

"अस्वलाचं."

फिलोमेनला ओठ घट्ट दाबून धरावे लागले.

"घराएवढं नव्हतं का ते?"

"नव्हतं."

"मग? बैलाएवढं?"

त्याने तळहात गुडघ्याच्या उंचीवर धरला. थोडा विचार केला, आणि आणखी खाली आणला.

"पिल्लू!" ती किंचाळली.

"हळू बोल!"

"आणि ते पळालं?"

"त्याची आई आली," गास्पार म्हणाला. "मग मी पळालो. डाव तिथेच राहिला."

फिलोमेन इतकी हसली की न्हाणी कलंडली आणि दोघं गवतात पडली. तळावरचे सगळे वळून पाहायला लागले. साहेबाने दुर्बीण काढली, पण एवढ्या जवळचं तिच्यातून दिसेना.

"ऐक, वेड्या," ती आडवी पडल्या पडल्याच म्हणाली. "इतकी वर्षं तू एकटा सांगतोस. साक्षीला कुणी नाही, म्हणून मोदेस्तसुद्धा डोळा मारतो. परत आल्यावर मी सांगेन. घराएवढं होतं. मी माझ्या डोळ्यांनी त्याचा पंजा पाहिला."

"खरंच सांगशील?"

"पंजा चर्चच्या दाराएवढा. पण आधी डोंगर."

गास्पार उठला. छकड्यातून फिडल काढलं. गज होताच, बायकोनेच पहाटे हातात दिला होता. त्या संध्याकाळी स्टर्जन ओढ्यावर फळ्यांची जमीन नव्हती म्हणून न्हाणी पुन्हा पालथी घातली, आणि फिलोमेन तिच्यावर चढून नाचली. पत्रा असा वाजला की चर्चची घंटासुद्धा तशी वाजत नसेल. साहेब आधी आपल्या न्हाणीकडे चिंतेने पाहत होता. मग त्याचा एक पाय हलायला लागला. मग दुसरा.

सकाळी दव होतं. तळ आवरला, बैल जुंपले. न्हाणीला पोचा आला होता, त्याबद्दल कुणी काही बोललं नाही. फिलोमेनने गाय पिळून साहेबाचा पेला भरला होता आणि तिचा छकडा सगळ्यांच्या पुढे उभा होता. पश्चिमेला, गवताच्या अगदी कडेला, निळे ढग टेकले होते. ती डोळ्यांवर हात धरून पाहत राहिली. ढग हलत होते. म्हणजे अजून लांब होतं. पुष्कळ लांब. तिला बरंच वाटलं.

"फिलोमेन!" मागून गास्पारने हाक मारली. साहेब त्याच्या शेजारी घोड्यावर होता, दुधाच्या मिशा पुसत. "साहेब विचारतोय, पुढच्या किल्ल्यावरून परत फिरायचं, ते तुला कळलंय ना नक्की?"

फिलोमेनने पराणी उचलली, नोटरीच्या कानात एक गोड शिवी घातली, आणि मागे न पाहता ढगांच्या दिशेने चालायला लागली.